अठ्ठेचाळीस डिग्रीचा तान्हा पोळा

भोयरांच्या बाथरूममधून तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या देवकीकाकूंनी आलं-तुळशीचा काढा पाठवला. आवाज कमी झाला नाही म्हणून काढ्यात मिरे वाढले, मग ओवा आला, मग लवंग आली, आणि शेवटी पातेल्यामागोमाग काकू स्वतःच आल्या.

“दुर्गेश, पोरीचा कफ छातीत बसला गा. धंतोलीत चांगले डॉक्टर आहेत, दाखवून आण. माझ्या नणंदेले असंच झालं होतं, शेवटी छातीचा फोटोच काढा लागला.”

“कफ नाही काकू,” दुर्गेश भोयर अवघडून म्हणाला, “गाणं आहे.”

काकूंनी आधी त्याच्याकडे, मग बाथरूमच्या दाराकडे, मग स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या भावनाकडे पाहिलं. पोरीचं असं झालेलं असताना आई निवांत पोळ्या लाटते आहे, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पातेलं तिथेच ठेवून त्या गेल्या.

आता दुर्गेश म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हता. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, शिवाय मनीषनगरातल्या आपल्या सोसायटीचा निवडून आलेला सेक्रेटरी. निवडून आला म्हणजे सभेत चहा सांगायला उठला तेवढ्यात लोकांनी त्याचं नाव सुचवून टाळ्या वाजवल्या. पण झाला तो झालाच. पाण्याची मोटर कधी लावायची इथपासून जिन्यात चपला कुठे काढायच्या इथपर्यंत त्याच्या सहीच्या सूचना भिंतींवर लागलेल्या. अशा माणसाच्या घरातून असा आवाज यावा? पण यायचा. कारण त्याची मुलगी रितिका हेवी मेटल गात होती.

रितिकाच्या बँडचं नाव ‘अठ्ठेचाळीस डिग्री’. थंड देशांतली पोरं म्हणे बर्फावर आणि अंधारावर अशी गाणी करतात. नागपूरच्या पोरांनी मे महिन्यावर केली, यात चूक ते काय? एक गाणं उन्हावर, एक डासांवर, आणि एक सोसायटीसमोरच्या त्या रस्त्यावर, जो दर वर्षी बांधतात आणि बांधून झाला की खोदतात. त्या गाण्याचं नाव ‘खड्डा’. शब्द कळायचे नाहीत, पण तक्रार बरोबर कळायची. आणि खरं सांगायचं तर दुर्गेशला ते गाणं मनापासून आवडायचं. वर्षानुवर्षं साहेबासमोर “होय सर” म्हणत जे गिळलं होतं, ते सगळं ही पोरगी आपल्या वतीने बाहेर काढते आहे असं त्याला वाटायचं. हे त्याने भावनालाही सांगितलं नव्हतं.

बँडमधले गिटारवाले दोघे सख्खे भाऊ. कमरेपर्यंत केस, भर उन्हाळ्यात काळे कपडे, छातीवर कवट्या. आणि घरात आल्या आल्या आधी भावनाच्या पाया पडणार, मग स्वतःचे बूट रांगेत लावून ठेवणार. ड्रम वाजवायचा प्रशिक. तो कळमेश्वरला कारखान्यात कामाला होता. कामावरून थेट यायचा, भोयरांच्या पार्किंगमध्ये ठेवलेल्या ड्रमवरचं प्लास्टिक काढायचा आणि असा काही वाजवायचा की दुर्गेशच्या स्कूटरचा आरसा आपोआप फिरून भिंतीकडे तोंड करायचा.

आणि एके दिवशी हाच प्रशिक चहाचा कप हातात धरून म्हणाला, “काका, ड्रम विकून राहिलो मी. उमरेडच्या लहानूभाऊंची धुमाल पार्टी आहे, लग्नात वाजवतात. त्यांले शब्द देल्ला. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी टेम्पो घेऊन येतीन.”

“काहून गा?” दुर्गेशने विचारलं.

“ऐकायले कोणीच नाही काका. कॉलेजवाले नाही म्हणतात, हॉटेलवाले दारू खपत नाही म्हणतात ह्या गाण्यावर. भिंतीले किती दिवस ऐकवू?”

रितिका उठून बाथरूममध्ये गेली. आणि बऱ्याच दिवसांनी आज बाथरूममधून काहीच आवाज आला नाही. ती शांतता काही दुर्गेशला सहन होईना. तो ताडकन उठला आणि म्हणाला, “त्याच दिवशी कार्यक्रम मी करतो! इथंच, आपल्या सोसायटीच्या मैदानात! लोक उभे राहून ऐकतीन, मग तर नाही ना विकणार?”

प्रशिक हसला. “लोक उभे राहिले ना काका, तर लहानूभाऊले मी स्वतः हात जोडतो.”

भरात आलेला माणूस काय कबूल करून बसेल याचा नेम नसतो. म्हणूनच सरकारने सगळं लेखी मागायची पद्धत ठेवली आहे. दुर्गेश स्वतः सरकारी माणूस असूनही हे विसरला, आणि तिथून पुढे सगळं सुरू झालं.

पहिला बळी त्याची मान. आयोजकाला विषयाची माहिती हवी, म्हणून त्याने रितिकाकडून ही मंडळी डोकं कसं हलवतात ते शिकून घेतलं आणि बेडरूमच्या आरशासमोर दार लावून सराव केला. ‘खड्डा’ सुरू होऊन तो जरासा रंगात आला होता, तोच मानेत काहीतरी कट्कन वाजलं आणि त्याला एकदम फक्त पलंगाखालच्या चपला दिसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात पट्टा बांधून ऑफिसला गेला. “अपघात झाला का?” सगळ्यांनी विचारलं. “गाणं ऐकताना झालं,” हे उत्तर काही कोणत्याही वरिष्ठ लिपिकाला देता येत नाही. तो “हो, खड्डा,” एवढंच म्हणाला. नागपुरात यावर कोणी पुढे विचारत नाही.

दुसरी गोष्ट टी-शर्टांची. मेटलवाल्यांचं एक व्रत असतं: बँडचं नाव वाचता आलं नाही पाहिजे. अक्षरांना काटे, मुळं, फांद्या फुटलेल्या हव्यात. बाभळीचं वाळकं झाड भिंतीवर आपटावं तसं ते दिसायला हवं. रितिकाने रात्र रात्र जागून तसं चित्र काढलं आणि दुर्गेशने ते बर्डीवरच्या छपाईवाल्याकडे दिलं. छपाईवाला जुन्या वळणाचा, कामात चोख. त्याने टी-शर्ट घडी घालून दिले आणि अभिमानाने म्हणाला, “साहेब, ते अक्षर पार बिघडलं होतं. एक शब्द वाचता येत नव्हता. मी बसून सगळं साफ करून देल्लं. वरून एक सूर्य टाकला, त्याचे पैसे नका देऊ.”

रितिकाने घडी उलगडली. काळ्या कापडावर गोलगोमट्या पिवळ्या अक्षरांत ‘अठ्ठेचाळीस डिग्री’, वर हसरा सूर्य, खाली बारीक अक्षरांत ‘सौजन्य’ म्हणून दुकानाचं नाव. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे वाचता येते!”

गिटारवाले भाऊ पहिल्यांदाच काहीतरी बोलले. थोरला म्हणाला, “कूलरची जाहिरात वाटून राहिली.” धाकटा म्हणाला, “हो.”

मग पोलीस ठाणं. मैदानात भोंगा लावायचा म्हणजे परवानगी आली. दुर्गेश मानेला पट्टा बांधून आत शिरला, तसे हवालदारांनी उठून त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अतिशय आपुलकीने विचारलं, “कोणं मारलं?”

“कोणी नाही. कार्यक्रमाची परवानगी पाहिजे.”

आपुलकी लगेच ओसरली. “कायचा कार्यक्रम? धार्मिक, राजकीय का सांस्कृतिक?”

“गाण्याचा. हेवी मेटल.”

“म्हणजे ऑर्केस्ट्रा?”

“तसंच, पण जरा…” दुर्गेशला शब्द सापडेना. “जोरात.”

“ऐकवा बरं मोबाइलवर.”

दुर्गेशने मोबाइल काढला आणि त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून सगळ्यांना हेच ऐकवत फिरल्याने मोबाइलची बॅटरी मेली आहे. हवालदार वाट पाहत होते. मागे रांगेत पाकीट हरवलेला एक माणूस, भाडेकरूची माहिती द्यायला आलेलं एक जोडपं. दुर्गेशच्या डोळ्यांसमोर रितिकाचं बंद बाथरूम आलं. त्याने डोळे मिटले, पोट आत ओढलं, आणि वरिष्ठ लिपिक दुर्गेश भोयर यांनी भर ठाण्यात, बसल्या खुर्चीवर, ‘खड्डा’चं धृपद काढलं.

आतल्या खोलीतून साहेब बाहेर धावत आले. जोडप्यातल्या बाईने नवऱ्याचा हात धरला. पाकीट हरवलेला माणूस म्हणाला, “माझं जाऊ द्या, पहिले यांची तक्रार घ्या.”

मग हवालदार हळूच म्हणाले, “साहेब, याले सांस्कृतिक म्हणाव का?”

साहेबांनी विचार केला. मनाने ते चांगले होते. म्हणाले, “हे पहा भोयर, ह्या नावाखाली मी सही केली तर उद्या मलेच उत्तर द्यावं लागीन. पण तुमच्या तारखेले तान्हा पोळा आहे. पोट्टे लाकडी बैल घेऊन येतीनच. तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमाची देतो परवानगी, दिवे लागेपर्यंत. त्यात एखादं गाणं झालं तर झालं. पण बैल दिसले पाहिजेत! माझा माणूस येऊन पाहून जाईन.”

झालं. दुर्गेश गेला होता मेटलचा कार्यक्रम काढायला, आणि परत आला तो लाकडी बैलांची स्पर्धा घेऊन.

ही बातमी कळताच समोरच्या फ्लॅटमधले ओमप्रकाशजी कामाला लागले. ओमप्रकाशजी निवृत्त माणूस, इतवारीत पिढीजात किराण्याचं दुकान, आता मुलं पाहतात. त्यामुळे सल्ला द्यायला दिवसभर मोकळे. “भोयरसाब, टेन्शन घेऊ नका. बैलांचा जज मी. बक्षिसं माझ्याकडून. बैल आणणाऱ्या पोट्ट्यांना बोजारा, म्हणजे खाऊ, द्यावाच लागतो; चॉकलेट देऊ. फक्त ते भुताचं गाणं आहे ना, ते शेवटी ठेवा, म्हणजे तोपर्यंत लोक घरी गेलेले राहतील.”

“अहो, लोकांनी ऐकावं म्हणूनच तर…”

“आणि जनरेटर काहून आणून राहिले? फालतू खर्चा! सोसायटीची लाईन आहे ना. कॉमन मीटरवरून घेऊन टाका.”

आयुष्यात माणसाने एक नियम पाळावा: फुकटचा सल्ला विजेच्या बाबतीत घेऊ नये. दुर्गेशने घेतला.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. सकाळी शहरात मारबतीची मिरवणूक निघाली. काळी आणि पिवळी, दोन भल्यामोठ्या मारबतींचे पुतळे, त्यांच्यामागे बडग्यांचे, आणि हजारो लोक कंठ फाटेस्तोवर ओरडणारे, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत!” गावाची सगळी घाण, आजार, महागाई, जे जे नको ते तिच्या पदरी बांधायचं आणि तिला वेशीबाहेर नेऊन जाळायचं. नागपूरचं पोर बोलायला लागलं की बाबा-आईनंतर हेच शिकतं. देवकीकाकू दर वर्षी जायच्या. यंदा गुडघ्यांमुळे राहिल्या होत्या, म्हणून सकाळपासून फुरंगटून बसल्या होत्या.

संध्याकाळी मैदान फुलून गेलं. चाकांवरचे बैल, झूल पांघरलेले बैल, शिंगांना बेगड लावलेले बैल. धोतर नेसलेली पोरं, नऊवारी नेसून रडणाऱ्या पोरी. मोबाइल उंच धरलेल्या आया. ठाण्याचे हवालदार आले, बैल पाहून समाधानाने मान हलवली आणि तिथेच थांबले, कारण त्यांनी आपल्या नातवाचाही बैल आणला होता. दुर्गेश हसऱ्या सूर्याचा काळा टी-शर्ट घालून, गळ्यात पट्टा बांधून सगळीकडे धावत होता. मान वळत नसल्याने कोणी हाक मारली की तो सबंध वळायचा.

स्टेजवर प्रशिक ड्रम लावत होता. दुर्गेशने पाहिलं, एकही स्क्रू त्याने आवळला नव्हता. झांजा डगमगत होत्या.

“घट्ट कर ना गा.”

“कायले काका? सोडायचेच तर आहेत.”

फाटकापाशी टेम्पो येऊन लागला होता. लहानूभाऊ टेम्पोला टेकून सुपारी कातरत उभे होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, चेहऱ्यावर घाई नाही.

ओमप्रकाशजींचं भाषण एकदाचं संपलं, बक्षिसं वाटून झाली, आणि लोक खरोखरच चपला शोधू लागले. तेवढ्यात रितिका पुढे आली. बाबांकडे तिने एकदा पाहिलं. माइक तोंडाशी धरला. गिटारचा पहिला आघात झाला तसे पुढचे बैल चाकांवर मागे सरकले. पोरं टुणकन उभी राहिली! आया वळल्या! दुर्गेशच्या अंगावर काटा आला. जमलं, त्याला वाटलं, जमलं!

आणि नेमक्या त्याच क्षणी सोसायटीच्या चौकीदाराने पाण्याची मोटर सुरू केली.

यात चौकीदाराचा काडीचाही दोष नव्हता. त्याच्या डोक्यावरच सूचना लावलेली होती: ‘काहीही झाले तरी संध्याकाळची मोटर वेळेवर सुरू झालीच पाहिजे. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ एका कॉमन मीटरवर मोटर, लिफ्ट, दिवे आणि अठ्ठेचाळीस डिग्री. फट्! फ्यूज उडाला. गिटारा मुक्या झाल्या, माइक मेला, आणि ओमप्रकाशजी लिफ्टमध्ये अडकले, कारण ‘भुताचं गाणं’ टाळायला ते लगबगीने घरी निघाले होते.

“झालं वाटते,” कोणीतरी म्हणालं. चपलांची खडखड पुन्हा सुरू झाली. लहानूभाऊंनी सुपारी तोंडात टाकली आणि टेम्पोचं मागचं फाळकं खाली पाडलं. त्या आवाजाने दुर्गेशला रडूच यायचं बाकी राहिलं. आपल्याच सहीने आपण पोरीचं गाणं बंद केलं, असं त्याला वाटलं.

रितिकाने हातातल्या मेलेल्या माइककडे पाहिलं. मग तो खाली ठेवला. स्टेजच्या अगदी टोकाशी आली, पोटात श्वास भरला, आणि बाथरूममध्ये कमावलेल्या सगळ्या दमाने, भोंग्याशिवाय, विजेशिवाय, त्या खोल काळ्या आवाजात गरजली:

“खड्डे घेऊन जा गेऽऽ…”

आणि पूर्ण मैदान, एकही माणूस विचार न करता, जन्मापासून पाठ असलेल्या सवयीने गरजलं, “मारबत!”

प्रशिकच्या काठ्या थांबल्या होत्या त्या धाडकन खाली आल्या. ड्रमला वीज लागत नाही!

“डास घेऊन जा गेऽऽ!”

“मारबत!”

बस्स. मग कोणाला आवरतं? चपला शोधणारे चपला विसरले. पोरं बैल डोक्यावर घेऊन नाचू लागली. हवालदार “डबल ड्युटी घेऊन जा गे!” म्हणून असे ओरडले की टोपी पडली. कोणी हप्ते दिले, कोणी सासूबाईंचा मधुमेह दिला, सासूबाईंनी सुनेचा मोबाइल दिला. गिटारवाल्या भावांनी गिटारा ठेवल्या आणि केस असे फिरवले की पुढच्या रांगेला वारा लागला. ते पाहून लहान पोरं माना हलवू लागली, आणि दुर्गेश, ज्याची मान हलण्यासारखी नव्हती, तो कमरेपासून हलू लागला. “पट्टा घेऊन जा गे!” तो ओरडला. “सेक्रेटरीपद घेऊन जा गे!”

“मारबत!” लोक ओरडले, आणि हे जरा जास्तच जोरात ओरडले असं त्याला वाटलं.

मग एक आवाज आला, तेव्हा आजूबाजूचे थोडे थांबले. खुर्चीवर बसलेल्या देवकीकाकू उठून उभ्या राहिल्या होत्या. गुडघे धरून. दोन मुलं परदेशात, नवरा गेलेला, घरात दिवसभर फक्त फ्रीजचा आवाज. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच कधी बोलत नव्हतं. काकूंनी तोंड उघडलं आणि छातीतून, जिथे त्या दुसऱ्याचा कफ शोधत होत्या तिथूनच, आवाज काढला:

“हे एकटेपण घेऊन जा वंऽऽ!”

रितिका स्टेजवरून उतरली, काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तेच वाक्य तिने आपल्या आवाजात पुन्हा म्हटलं. आणि मैदान असं गरजलं की वरच्या गॅलऱ्यांतली कबुतरं उडाली. दुर्गेशचे डोळे वाहत होते. पट्ट्यामुळे खाली पाहता येत नव्हतं, म्हणून त्याने ते तसेच वाहू दिले.

दिवेलागणीला हवालदारांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा त्यांचा स्वतःचाच आवाज बसला होता. लहानूभाऊ गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आले. ड्रमकडे पाहिलं, पोरांच्या घोळक्याकडे पाहिलं.

“हे मी नेलं तर हे पोट्टे मले उमरेडपर्यंत मारत नेतीन,” ते म्हणाले. “राहू द्या भाऊ. आमच्याकडे या एखाद्या दिवशी. लाईट मी आणतो.”

प्रशिकने हात जोडले. मग डगमगणारी एक झांज त्याने बोटाने थांबवली.

“काका,” तो म्हणाला, “पाना आहे का घरी? घट्ट करून घेतो.”

दुर्गेश पाना आणायला मान ताठ धरून, अक्षरशः ताठ धरून, धावत सुटला. लिफ्टमधून ओमप्रकाशजी सल्ला देत होते, पण तो काही त्याने ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोयरांच्या घरी चौघांचेही घसे बसले होते. चौथा प्रशिक, जो रात्री घरी गेलाच नव्हता. भावना खुणेनेच चहा विचारत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून, बादलीच्या आवाजाबरोबर, खोल, खरखरीत, पोटातून काढलेला असा एक आवाज आला.

भावनाने लाटणं खाली ठेवलं. “अगं बाई,” ती कुजबुजली, “काकूंच्या छातीत कफ झाला वाटते.”

दुर्गेशने मान वर करून, म्हणजे खरं तर सबंध मागे झुकून, छताला कान दिला.

“कफ नाही वं,” तो म्हणाला. “गाणं आहे.”

आणि रितिका काढ्याचं पातेलं घेऊन जिना चढायला लागली.